चाकाला वळण

चाकाचा शोध कोणी लावला हे कोणालाच माहीत नाही, आणि म्हणूनच त्याचं श्रेय आपण सगळे मिळून घेतो. 'चाकाचा शोध लागला आणि मानवाच्या प्रगतीला गती मिळाली' हे वाक्य आल्याशिवाय आमच्या शाळेतला एकही निबंध पुरा होत नसे. पण ते चाक वळायला कधी शिकलं, याबद्दल गुरुजी अवाक्षर काढत नसत. जसं काही चाक जन्मलं आणि पाच हजार वर्षं नाकासमोर चालत थेट आपल्या दारात येऊन उभं राहिलं! वास्तविक नुसतं पळणं सोपं असतं. उतार मिळाला की धोंडासुद्धा पळतो. अवघड असतं ते वळणं. पोराला सरळ करायला एक धपाटा पुरतो. वळण लावायला पंधरा वर्षं लागतात. चाकाला त्याहून पुष्कळच जास्त लागली.

मी कॉमर्सचा पदवीधर, पोटासाठी बँकेत कारकुनी करतो. यंत्रशास्त्राशी माझा संबंध नोटा मोजायच्या यंत्रापुरता. तेव्हा हा इतिहास मी हिशेबनिसाच्या नजरेनं सांगणार. इंजिनिअर मंडळींनी नाक मुरडू नये, कारण हे प्रकरण अखेर हिशेबावरच येऊन थांबतं.

बैलगाडीत वळण्याचा प्रश्नच येत नाही. चाकं दोन, आस एक. पण चाकं आसाला जखडलेली नसतात; प्रत्येक तुंबा आसाभोवती आपापला फिरतो. गाडी डावीकडे वळली की डावं चाक जागच्या जागी घुटमळतं आणि उजवं मोठा फेरा घालून येतं. कुठं वळायचं हे बैलांनी बघायचं, बैलांना ते गाडीवानानं सांगायचं; आणि गाडीवानाला डुलकी लागली तरी बैल त्याला घरी आणून सोडतात. हल्ली विनाचालक मोटारीचं मोठं कौतुक चालतं, ते वाचताना मला आमच्या गावच्या बैलांचा चेहरा आठवतो.

पंचाईत होते ती चार चाकांची. भाजीवाल्याची हातगाडी बघा. चारही चाकं सरळ. वळवायची तर तो मागं जरा भार देतो, पुढची चाकं चिमूटभर उचलली जातात आणि गाडी उरलेल्या दोन चाकांवर गर्रकन फिरते. हा दाखला लक्षात ठेवा. पुढं अमेरिकेत उपयोगी पडणार आहे.

युरोपातल्या घोड्यांच्या बग्ग्यांनी निराळा उपाय केला होता. पुढचा अख्खा आस मधोमध एका खिळीवर बसवायचा आणि चाकांसकट फिरवायचा. दिसायला झकास. पण जोरात वळण घेतलं की एक चाक बग्गीच्या पोटाखाली शिरायचं, चार पायांच्या टेबलाचं तीन पायांचं टेबल व्हायचं, आणि आतली प्रतिष्ठित मंडळी रस्त्यावर यायची. शिवाय एखाद्या चाकाखाली धोंडा आला की सगळा आसच हिसका देई.

इंग्लंडात लिचफिल्ड गावी एरॅस्मस डार्विन नावाचे भरभक्कम देहाचे डॉक्टर होते. माकडवाल्या डार्विनचे सख्खे आजोबा. रोगी तपासायला त्यांची गावोगाव बग्गीतून भ्रमंती चाले, तेव्हा बग्गी उलटणं हा त्यांच्या दृष्टीनं शास्त्राचा नव्हे, जिवाचा प्रश्न होता. १७५९च्या सुमाराला त्यांनी तोड काढली. अख्खा आस फिरवायचाच नाही; दोन्ही टोकांच्या चाकांना आपापली खीळ द्यायची आणि चाकं तेवढी वळवायची. डॉक्टरसाहेबांनी याचं पेटंट काही घेतलं नाही.

पुढं साठेक वर्षांनी म्युनिकचा गाडीकार गेओर्ग लांकेनस्पेर्गर यानं हीच युक्ती स्वतंत्रपणे काढली. इंग्लंडात तिचं पेटंट घ्यायला तिथं त्याचा माणूस हवा होता. लंडनमध्ये रुडॉल्फ आकरमान नावाचा एक जर्मन गृहस्थ चित्रं छापून विकण्याचं दुकान चालवी. गाड्यांच्या आराखड्यांतही त्याला गती होती. आरमारी सेनापती नेल्सनच्या अंत्ययात्रेचा रथ त्यानंच बेतला होता. या आकरमाननं १८१८ साली लांकेनस्पेर्गरच्या वतीनं अर्ज भरला, सही केली, पेटंट घेतलं. आणि आज जगातल्या यच्चयावत मोटारींच्या या रचनेला काय म्हणतात? आकरमान स्टिअरिंग! डोकं चालवलं डॉक्टरनं, घाम गाळला गाडीकारानं आणि नाव झालं फॉर्म भरणाऱ्याचं. उभ्या कारकून जातीला अभिमान वाटावा असा हा प्रसंग आहे. तो आमच्या बँकेच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत लावायला हरकत नाही.

आता या रचनेतलं मर्म सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास त्याच एका खिळीभोवती फिरतो. गाडी वळते म्हणजे कुठल्या तरी एका बिंदूभोवती फेरा घालते. मागच्या आसाची रेघ बाजूला लांबवर वाढवा. पुढच्या दोन्ही चाकांच्या आसांच्या रेघाही वाढवा. तिन्ही रेघा एकाच बिंदूत भेटल्या तर गाडी लोण्यासारखी वळते. नाही भेटल्या तरी वळते, पण एखादं चाक फरफटत, कुरकुरत. समजा, पुढच्या-मागच्या चाकांत २.४ मीटर अंतर आहे, डाव्या-उजव्यात १.२ मीटर, आणि तो बिंदू मागच्या आसाच्या मध्यापासून ६ मीटरवर आहे. तर आतलं चाक २४ अंश वळायला हवं आणि बाहेरचं २० अंश. दोन्ही सारखी वळवून चालत नाही. हा चार अंशांचा फरक साधणं, हीच सगळी करामत.

म्हणजे नियम असा झाला: तोंडं वेगवेगळ्या दिशांना असली तरी चालतील, नव्हे, असायलाच हवीत, पण सगळ्यांचा मध्यबिंदू एक पाहिजे.

गाडीकारांनी हे फारसं मनावर घेतलं नाही. घोडे कुरकुर करत नव्हते, मग यांनी का करावी? घोडा जाऊन वाफ आली तेव्हा मात्र डोळे उघडले. १८७३ साली फ्रान्समधल्या ल मां गावच्या आमेदे बोले यानं बारा माणसांची वाफेची गाडी बांधली आणि पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र खीळ दिली. गाडी इतकी निमूट वळे की तिचं नावच ठेवलं 'आज्ञाधारक'. पुढं ती १८ तासांत पॅरिसला पोचली. कार्ल बेंझनं १८८५ साली पहिली पेट्रोलची मोटार केली ती चक्क तीन चाकांची, कारण चार चाकं नीट वळवायची रीत त्याला पसंत पडेना. आपली रिक्षा अजून त्याच मुक्कामावर आहे. १८९३ साली बेंझनं पुढच्या दोन खिळींचं स्वतःचं पेटंट घेतलं, तेव्हा कुठं त्याची मोटार चार पायांवर उभी राहिली.

वळण झालं, पण जोराचं काय? इंजिन दोन्ही चाकांना एकाच दांड्यानं फिरवतं, आणि वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं. त्यावर ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसानं १८२७-२८ सालीच डिफरन्शिअल नावाचा गिअर काढून ठेवला होता. याचं तत्त्व आम्हाला चटकन समजतं: दोघांना जोर सारखा, वेग मात्र ज्याचा त्याला. पगार सारखा आणि कामाचा वेग ज्याचा त्याला, या तत्त्वावर आमची शाखा गेली कित्येक वर्षं सुरळीत चालू आहे.

१९००च्या पॅरिस प्रदर्शनात तरुण फेर्डिनांड पोर्शनं, व्हिएन्नाच्या लोनर कंपनीसाठी केलेली विजेची मोटार मांडली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या तुंब्यातच मोटर बसवली होती. जे चाक वळतं तेच चाक ओढतं! वळणं आणि ओढणं या दोन खात्यांचं एकाच चाकात विलीनीकरण झालं ते असं. चाकाला इतका अधिकार पूर्वी क्वचितच मिळाला असेल. पण ते वळे ते ठरावीक अंशांपुरतं. पूर्ण गिरकी घ्यायची मुभा अजून नव्हती.

आता गाडी एकदम कॉलेजात नेतो, कारण पुढचा अंक तिथं घडला. अमेरिकेतल्या एमआयटीत वुडी फ्लॉवर्स नावाचे प्राध्यापक १९७०च्या दशकापासून विद्यार्थ्यांना पिशवीभर सटरफटर सामान देत आणि म्हणत, यातून यंत्र करा, एकमेकांशी सामना लावा. त्यातून स्फूर्ती घेऊन डीन केमेन यांनी १९८९ साली 'फर्स्ट' ही संस्था काढली, आणि १९९२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावी एका शाळेच्या व्यायामशाळेत २८ संघांचे रोबो एकमेकांना भिडले. शाळकरी पोरं, बांधायला कित्येक वर्षं जेमतेम सहा आठवडे, आणि सामना दोन-अडीच मिनिटांचा. आशियात २००२पासून 'रोबोकॉन' सुरू झाली. ती २००८ साली पुण्यात भरली आणि विषय होता 'गोविंदा'. रोबोंनी दहीहंडीतलं लोणी पळवायचं! २०१४ साली ती पुन्हा पुण्यातच भरली. तेव्हा आई-बाप रोबोनं पोर रोबोला सीसॉवर आणि झोक्यावर खेळवायचं होतं. पुण्यात रोबोलासुद्धा प्रपंच चुकला नाही.

या सामन्यांत दीर्घकाळ चाललेली साधी रीत म्हणजे रणगाड्याची. डावीकडची चाकं एका मोटरवर, उजवीकडची दुसऱ्या. डावी थांबवून उजवी पळवली की रोबो घासत घासत वळतो. घासणं कमी व्हावं म्हणून सहा चाकं लावून मधली जोडी जराशी खाली बसवतात, इंचाचा आठवा भाग वगैरे. म्हणजे एका वेळी चारच चाकं टेकतात आणि यंत्र मधल्या जोडीवर फिरतं. ओळखलंत ना? आपला भाजीवाला! त्याचं पेटंट घ्यायला लंडनमध्ये दुकानदार नव्हता, एवढंच.

पण या रीतीत एक उणीव राहते. बाजूला सरकता येत नाही. हंडी हातभर उजवीकडे असली तर मागं जा, वळा, पुढं या, पुन्हा वळा. दोन मिनिटांच्या खेळात ही चैन परवडत नाही. म्हणून लोकांनी चाकाच्या परिघावर आडवे लहान रूळ बसवले. असं एक चाक ग्राबोविएत्स्की नावाच्या गृहस्थानं १९१९ सालीच अमेरिकेत पेटंट करून ठेवलं होतं. १९७०च्या दशकात स्वीडनच्या बेंग्ट इलोननं तेच रूळ ४५ अंशांनी तिरके बसवले. त्याला मेकॅनम म्हणतात. ही चाकं न वळता यंत्राला कुठंही नेतात. मात्र कोणी बाजूनं ढकललं की रूळ फिरतात आणि यंत्र मुकाट्यानं बाजूला होतं. सर्वांशी जमवून घेणाऱ्या माणसाचं जे होतं तेच.

तेव्हा १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात काही संघांनी ठरवलं, चाक साधंच घ्यायचं, जमिनीला घट्ट धरणारं. पण चारही चाकांना स्वतंत्र वळण आणि स्वतंत्र जोर द्यायचा. चारही चाकं एकाच दिशेला वळवली तर यंत्र तोंड न फिरवता तिरकं जातं, त्याला म्हणतात खेकडा. मराठी माणसाला खेकड्याची एकच गोष्ट ठाऊक असते, टोपलीतली, पाय ओढण्याची. त्याच्या तिरकं चालण्याची वाहवा करायला अमेरिकेतली शाळकरी पोरं यावी लागली. आणि चारही चाकं वेगवेगळ्या दिशांना, वेगवेगळ्या वेगानं सोडली की यंत्र सरळ जाता जाता स्वतःभोवती गिरक्याही घेतं. त्याचं नाव स्वर्व्ह ड्राइव्ह.

माझा भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. त्यांच्या कॉलेजच्या चमूनं असला रोबो करायला घेतला, आणि खर्चाचा हिशेब तीन प्रतींत मागितला गेल्यामुळे माझी नेमणूक झाली. चमूत दहा पोरं आणि मतं अकरा. काहींचं म्हणणं, साधी सहा चाकं लावू आणि राहिलेला वेळ चालवायच्या सरावाला देऊ. साधं यंत्र सरावलेल्या हातात असलं तर भल्याभल्यांना हरवतं. हे म्हणणं काही खोटं नव्हतं. दुसऱ्यांचं म्हणणं, २०२०नंतर अशी चाकं तयार जुळणीत मिळतात, ती आणू. माझा भाचा तिसऱ्या पक्षाचा: आपलं आपण बनवू, नाहीतर शिकलो काय?

"मामा, तुला सोपं करून सांगतो," तो म्हणाला. "प्रत्येक चाकाला दोन मोटरी. एक पळवायला, एक वळवायला. चार चाकांच्या आठ."

"म्हणजे प्रत्येक चाकाच्या दोन नोंदी," मी म्हटलं. "एक दिशेची, एक वेगाची. दुहेरी पद्धत!"

"आणि आज्ञा फक्त तीन. पुढं किती, बाजूला किती, गिरकी किती. त्या तिनांतून आठ आकडे काढायचे."

रोजकीर्दीतल्या तीन नोंदींवरून आठ खाती खतवायची, हे मला नवीन नव्हतं. रीतही सरळ आहे. यंत्र पुढं नेण्याचा बाण आणि गिरकीमुळे त्या कोपऱ्याला मिळणारा आडवा बाण, दोन्हींची बेरीज करायची. बेरजेचा बाण जिकडे, तिकडे चाकाचं तोंड. बाण जेवढा लांब, तेवढा वेग. प्रत्येक कोपऱ्याची बेरीज वेगळी. पण चारही चाकांच्या आसांच्या रेघा वाढवल्या तर भेटतात कुठं? एकाच बिंदूत! यंत्र गिरकी न घेता नुसतंच सरकत असेल तेव्हा रेघा समांतर, म्हणजे बिंदू अनंतात. डार्विन डॉक्टरांच्या बग्गीचाच नियम, फक्त बिंदू आता कुठंही नेता येतो. यंत्राच्या पोटात ठेवला की ते जागच्या जागी फिरतं.

अडचणी मात्र रोज नव्या. मोटर चाकाबरोबर फिरली तर तिच्या तारांना पीळ बसतो, जुन्या फोनच्या दोरीसारखा. म्हणून मोटर वर पक्की बसवायची आणि वळणाच्या आसातूनच दांडा खाली नेऊन तिरक्या गिअरनं चाक फिरवायचं. मग चाक कितीही गिरक्या घेवो. पण त्यातही मेख आहे. चाक नुसतं वळवलं तरी ते गिअर एकमेकांवरून फिरतात आणि चाक थोडं पुढं सरकतं. एका खात्यातली नोंद परस्पर दुसऱ्या खात्यात उमटते! ती वजा करायची आठवण संगणकाला ठेवावी लागते. आणखी एक युक्ती मला फार आवडली. चाकाला १७० अंश वळायचं असेल तर ते वळत नाही. १० अंश उलटं वळतं आणि मोटर उलटी फिरवतं. परिणाम तोच. आमच्याकडे याला उलट नोंद म्हणतात. ९० अंशांच्या वर वळायची गरजच पडत नाही.

अखेर यंत्र उभं राहिलं. ठोकळ्यावर चढवून बघितलं. चारही चाकं डौलात वळली, फिरली. पोरांनी टाळ्या पिटल्या. जमिनीवर ठेवलं मात्र, आणि ते हिवताप भरल्यासारखं थडथडायला लागलं. मोटरी तापल्या. दहाही पोरं एकमेकांकडे बघायला लागली, आणि 'मी तेव्हाच सांगत होतो' हे वाक्य अकरा वेळा ऐकू आलं. साध्या सहा चाकांचा पक्ष पुन्हा जोरात आला. स्पर्धा तीन आठवड्यांवर होती. त्या रात्री चमू फुटतो की काय, अशी पाळी आली.

मोटरी कोणत्याच बिघडल्या नव्हत्या. वळणाच्या आसावर बसवलेला एन्कोडर चाकाचं तोंड कुठं आहे ते सांगतो. एका चाकाचा 'शून्य' सात-आठ अंश सरकलेला निघाला. ते चाक अगदी प्रामाणिकपणे चुकीच्या दिशेला ओढत होतं आणि उरलेली तिघं त्याला ओढून आणत होती. हवेत सगळी बरोबर. जमिनीवर तेरीज जुळेना. बँकेत सगळं संगणकावर आलं असलं तरी, थोड्या रकमेच्या फरकापायी रात्री नऊपर्यंत बसलेला माणूस हे दुःख जाणतो. फरक लहान आहे म्हणून तो सोडून देता येत नाही, कारण लहान फरक म्हणजे कुठं तरी कोणी तरी वेगळंच काही खरं मानून चाललेलं असतं.

उपाय साधा निघाला. ॲल्युमिनिअमची एक सरळ पट्टी दोन-दोन चाकांच्या कडेला टेकवून चारांचा शून्य नव्यानं लिहिला. त्यासाठी मात्र दहा जणांना एक पट्टी धरायला एकत्र बसावं लागलं. पहाटे यंत्र व्हरांड्यात आडवं धावलं. कोणीही 'मी सांगत होतो' म्हटलं नाही.

आता ही विद्या फार पुढं गेली आहे. २०१२ साली मंगळावर उतरलेल्या 'क्युरिऑसिटी' गाडीच्या सहाही चाकांना स्वतंत्र मोटरी आहेत आणि चार कोपऱ्यांच्या चाकांना वळायला आणखी चार. ती जागच्या जागी तोंड फिरवते. मंगळावर गल्लीबोळ नसताना ही सोय, आणि आमच्या पेठेत ती नाही!

शेवटी एक गंमत सांगायची राहिली. प्रतिस्पर्धी ढकलायला आला की ही पोरं चारही चाकं फुलीसारखी, मध्याकडे तोंड करून उभी करतात. रेघा एका बिंदूत भेटतच नाहीत, त्यामुळे यंत्राला कोणत्याच बाजूला हलता येत नाही. एकमत नसणं हा उत्तम ब्रेक आहे, याचा शोध बऱ्याच कमिट्यांना फार पूर्वीच लागला होता. इंजिनिअरांनी तो हवा तेव्हा लावायचा आणि हवा तेव्हा सोडायचा, एवढी सुधारणा केली.

आमच्या शाखेत आम्ही नऊ जण. प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला, वेग तर विचारूच नका. पण दुपारी चार वाजता सगळ्यांच्या रेघा बरोबर एका बिंदूत मिळतात, समोरच्या चहाच्या टपरीवर. शाखा वळते ती तिथूनच.